कामाच्या ताणाने मृत्यू: भरपाई मिळते का आणि कशाच्या जोरावर?

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. भाऊ ४५ वर्षांचा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर, पगार २६ हजार. सप्टेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा, माल अडकलेला, दोन माणसं गैरहजर, म्हणून ओळीने डबल शिफ्ट. शेवटच्या संध्याकाळी मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं, "उद्यापासून येऊ नकोस" इथपर्यंत. रात्री नऊच्या सुमारास छातीत जड वाटतंय म्हणाला. कुणीतरी अॅसिडिटीची गोळी दिली. गाडी भरून दिल्यावरच साडेअकराला घरी आला आणि पहाटे चारला कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. कंपनीने दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला. आता त्यांचं म्हणणं असं की मृत्यू घरी झाला, नैसर्गिक आहे, आमचा संबंध नाही. वहिनींना काही मिळेल का?

मिळू शकतं. खात्री मात्र कुणीच देऊ नये, आणि जो वकील पहिल्या भेटीत देतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. मी कामगार न्यायालयात अशी प्रकरणं दोन्ही बाजूंनी चालवली आहेत, विमा कंपन्यांच्या बाजूनेही. "कामाचा फार ताण होता" एवढ्या एका वाक्यावर दावा जिंकलेला मी पाहिलेला नाही. कोणतं काम, किती वाजता, त्याचा शरीरावर काय परिणाम झाला आणि ते कुणी पाहिलं, एवढं सांगता आलं तर दावा उभा राहतो.

आधी कायदा कोणता ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. तुमच्या भावाचा मृत्यू त्याआधीचा, म्हणून कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ धरायचा. नव्या संहितेतही मूळ कसोटी तीच ठेवली आहे. कामातून उद्भवलेल्या आणि काम चालू असताना घडलेल्या अपघाताने शारीरिक इजा झाली, तर मालक भरपाईला बांधील. यात दोन वेगळ्या अटी आहेत. काम चालू असताना घडलं पाहिजे आणि कामामुळेही घडलं पाहिजे. कंपनीचे वकील बहुतेक वेळा दुसऱ्या अटीवर लढतात. तुमच्या प्रकरणात ते दोन्हींवर लढतील.

हृदयविकाराचा झटका म्हणजे अपघात कसा, हा प्रश्न सगळेच विचारतात. आपला १९२३ चा कायदा इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेला आहे आणि तिथे १९१० मध्येच दोन निवाडे झाले, ज्यांच्यावर आजही युक्तिवाद उभा राहतो. क्लोव्हर क्लेटनच्या प्रकरणात एक कामगार पान्याने नट आवळत होता. त्याची महाधमनी आधीच इतकी फुगलेली होती की झोपेतसुद्धा फुटली असती. ती नट आवळताना फुटली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की हा अपघात आहे. बाहेरून काही आदळायला हवं असं नाही, शरीराच्या आत अनपेक्षित मोडतोड झाली तरी पुरे. दुसरा निवाडा साउथ कर्कबी कोळसा खाणीचा. जखमी सहकाऱ्याच्या मदतीला धावलेल्या खाणकामगाराला त्या दृश्याचा जबर मानसिक धक्का बसला आणि तो कामातून उठला. अंगावर ओरखडा नव्हता, तरीही भरपाई मिळाली. म्हणजे भावनिक आघातालाही दार उघडं आहे. पण तो एका प्रसंगाचा, तारीखवार सांगता येणारा धक्का होता, वर्षानुवर्षांची घुसमट नव्हती. हा फरक पुढे फार कामाला येतो.

मुंबई उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकात, छगला मुख्य न्यायमूर्ती असताना, पोर्ट ट्रस्टच्या एका रखवालदाराच्या विधवेच्या प्रकरणात हेच सूत्र आपल्याकडे पक्कं केलं. रखवालदाराला हृदयविकार आधीपासून होता. नुसत्या आजाराने माणूस गेला तर मालक जबाबदार नाही. पण कामाच्या श्रमाने मृत्यूला हातभार लावला, किंवा पुढे कधीतरी येणारा मृत्यू अलीकडे ओढला, तर जबाबदार. त्यामुळे "त्याला आधीपासून बीपी होतं, शुगर होती" हे कंपनीचं उत्तर दावा संपवत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या कागदपत्रांत बीपीची गोळी सापडणारच. दाव्यात ते लपवू नका, उलट स्वतःच आधी सांगा.

सर्वोच्च न्यायालयाने हा दरवाजा अनेकदा अर्धा लोटलाही आहे, ते वाचल्याशिवाय दावा लिहू नये. २००६ मध्ये दोन निवाडे आले. नेल्लोरच्या वीज केंद्रातल्या ज्योती अदम्मा प्रकरणात मृत कामगाराचं काम फक्त बटण चालू-बंद करण्याचं होतं आणि डॉक्टरनेच साक्षीत सांगितलं की त्यात ताण पडण्यासारखं काही नव्हतं. दावा गेला. शकुंतला श्रेष्ठी प्रकरणात ट्रकवरचा क्लीनर हृदय बंद पडून गेला. कामाचा ताण आणि मृत्यू यांचा दुवा दाखवणारा पुरावाच नव्हता, आणि न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की ताण होता असं आपोआप गृहीत धरता येणार नाही. त्याआधी १९६९ मध्ये मॅकिनन मॅकेन्झीच्या जहाजावरून बेपत्ता झालेल्या खलाशाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. परिस्थितीवरून अनुमान काढता येतं, अंदाज बांधता येत नाही, हा त्यातला धडा.

आणि मग डिसेंबर २०१२ चा परमपाल सिंह निवाडा. ट्रकचालक, वय ४५, दिल्लीहून झारखंडमधल्या निमियाघाटपर्यंत ११५२ किलोमीटर गाडी हाकत नेली. अस्वस्थ वाटलं म्हणून रस्त्याकडेच्या हॉटेलपाशी गाडी लावली आणि तिथेच कोसळला. टक्कर नाही, जखम नाही. न्यायालयाने भरपाई दिली. क्लीनर हरला आणि चालक जिंकला, यातलं कारण नीट पाहा. कायदा तोच, कलम तेच. चालकाच्या बाबतीत अंतर, वाहन, वय आणि कोसळण्याची जागा हे सगळं एका ओळीत लावता येत होतं.

तुमच्या भावाच्या दाव्यातही अशी ओळ लावायची आहे, आणि त्यातला सगळ्यात मोलाचा क्षण रात्री नऊचा आहे. साहेबांचं झापणं महत्त्वाचं आहेच, पण मृत्यू घरी झाला या आक्षेपाला उत्तर देते ती छातीतली जडता. त्रास सुरू कुठे झाला, हे न्यायालय पाहील. प्राण कुठे गेला हे दुय्यम. कारखान्याच्या आवारात, कामाच्या वेळेत दुखणं सुरू झालं, त्याला दवाखान्यात पाठवायच्या ऐवजी गाडी भरायला लावली, आणि त्याच दुखण्यातून काही तासांत मृत्यू आला, असं मांडता आलं पाहिजे. ती अॅसिडिटीची गोळी कुणी दिली? प्रथमोपचार पेटीतून दिली असेल तर रजिस्टरमध्ये नोंद असते. मोठ्या कारखान्यात आरोग्य केंद्राचं वेगळं पुस्तक असतं. गोळी देणारा सहकारी तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. त्याच्याशी आत्ताच बोला. तो अजून तिथे नोकरीला असेल तर घाबरेल, हे धरून चाला. साक्ष द्यायला नाही आला तरी न्यायालयाकडून समन्स काढता येतं. समन्स आलं म्हणून आलो, असं सांगणं त्यालाही सोपं जातं.

वाटेत कोसळला असता तर? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात, कामावर जाता-येतानाचा अपघातसुद्धा वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी दुवा असेल तर यात बसतो असं म्हटलं आहे. नव्या संहितेत तर ते लिहूनच टाकलंय. तुम्हाला त्याची गरज पडू नये.

आता कागद. मृत्यू दवाखान्यात पोचण्याआधी झाला म्हणजे पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असणार, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम झालं असणार. त्याच्या प्रमाणित प्रती घ्या. अहवालात हृदयाच्या धमनीत ताजी गुठळी लिहिली आहे की फक्त जुना अडथळा, यावर पुष्कळ काही ठरतं. ताजी गुठळी म्हणजे काही तासांतली घटना. जुना अडथळा एवढंच असेल तर कंपनी म्हणेल आजार पिकला होता. मृत्यूचं कारण "राखून ठेवलं" असेल आणि हृदयाचा तुकडा तपासणीला गेला असेल, तर त्या अंतिम अहवालाचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल, तो चालत घरी येत नाही. ज्यांच्या घरी "चिरफाड नको" म्हणून पोस्टमॉर्टेम टाळलं गेलं, त्यांचं सगळंच गेलं असं नाही. ईसीजी, रक्ततपासणी, डॉक्टरने दिलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला यांवर काम चालवता येतं, पण वाट चढाची होते.

पंचिंगच्या नोंदी कंपनीकडे असतात. त्या मागायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. देणार नाहीत, तरीही द्या. नंतर न्यायालयात नोंदी हजर करायचा हुकूम मागताना तो अर्ज उपयोगी पडतो, आणि हुकूम होऊनही त्यांनी लपवल्या तर कंपनीच्या विरुद्ध अनुमान काढा असं न्यायालयाला म्हणता येतं. भावाचा मोबाइल कुणालाही देऊ नका, रिसेट करू नका. कंपनीचा असेल तर परत करण्याआधी त्यातले व्हॉट्सअॅपचे गट, रात्रीचे कॉल, "गाडी का निघाली नाही" असले मेसेज जपून घ्या. नुसते छापलेले स्क्रीनशॉट चालत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. गेटपास, गाडीची बिल्टी, त्या रात्रीच्या ट्रकचालकाचं नाव, तेही टिपून ठेवा. कंपनीच्या माणसांपेक्षा बाहेरचा ट्रकचालक मोकळेपणाने बोलतो.

डॉक्टरची साक्ष ही अशा दाव्यांतली नाजूक जागा. ज्योती अदम्मा प्रकरण डॉक्टरच्या एका उत्तरावर फिरलं, हे विसरू नका. डॉक्टरला "ताणामुळेच मृत्यू झाला का?" असं विचारलं तर कुठलाही प्रामाणिक डॉक्टर "तसं सांगता येणार नाही" म्हणेल, आणि ते उत्तर तुमच्या विरुद्ध वाचलं जाईल. विचारायचं असं, की आधीचा रक्तदाब असलेल्या ४५ वर्षांच्या माणसाला अपुरी झोप, डबल शिफ्टची मेहनत आणि त्याच दिवशीचा तीव्र मानसिक आघात यांमुळे झटका लवकर येऊ शकतो का. आणि छातीत जडता आल्यावर काम चालू ठेवल्याने धोका वाढतो का. कायद्यालाही एवढंच हवं आहे.

रकमेचा हिशोब सोपा आहे. महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा घटक. पगार कितीही असो, ३ जानेवारी २०२० पासून १५ हजारांच्या वर धरत नाहीत, म्हणजे निम्मे ७,५००. पंचेचाळीसाव्या वर्षाचा घटक १६९.४४. गुणाकार १२,७०,८०० रुपये. वर अंत्यसंस्काराचे किमान ५,०००. मृत्यूनंतर महिनाभरात रक्कम जमा केली नाही तर दरसाल १२ टक्के सरळ व्याज, म्हणजे वर्षाला दीड लाखाहून थोडं जास्त. शिवाय योग्य कारणाशिवाय उशीर केला तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. कंपनीने विमा काढला असेल तर मुद्दल आणि सहसा व्याजही विमा कंपनी भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. वेद प्रकाश गर्ग निवाड्यापासून हे ठरलेलं आहे. तडजोडीच्या बोलणीत मालकाला दंडाची आठवण करून दिली की सूर बदलतो. २६ हजार मिळवणाऱ्या माणसाचा हिशोब १५ हजारांवर करायचा, हे अन्यायाचं आहे असं माझं मत, पण आज कायदा तसा आहे.

कंपनीने दिलेल्या दोन महिन्यांच्या पगाराने काही मिटत नाही. मृत्यूची भरपाई थेट वारसाच्या हातात देऊन मालकाची सुटका होत नाही, ती आयुक्तांकडेच, म्हणजे या कायद्याखाली असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, जमा करावी लागते. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वजा होऊ शकते. "फुल अँड फायनल, कसलीही तक्रार नाही" अशा कागदावर वहिनींनी सही केली असली तरी कलम १७ प्रमाणे हक्क सोडल्याचा करार रद्दबातल ठरतो. तरीही यापुढे सही नको.

अर्ज वहिनींनी करायचा, स्वतःच्या आणि मुलांच्या वतीने. विधवा आई हयात असतील तर त्याही वारस. तुम्ही बहीण म्हणून धावपळ करा, अर्जदार होऊ नका. तुमच्या भावाचं पद सुपरवायझरचं म्हणून अडणार नाही. हा कायदा कारखान्यातल्या कामाचं स्वरूप पाहतो, पगाराची वरची मर्यादा घालत नाही, आणि कारकुनी कामाला वगळणारे शब्द २००९ च्या दुरुस्तीत गेले. अर्ज जिथे घटना घडली तिथे करता येतो, किंवा वहिनी सध्या राहतात तिथेही. त्या माहेरी परभणीला गेल्या असतील तर परभणीलाच करा, तारखांना पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदत मृत्यूपासून २ वर्षं, म्हणजे सप्टेंबर २०२७. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या वादात वर्ष जातं. कायद्यात ३ महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय. ते वाचून हसू येतं, काही वर्षं धरून चाला. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना उत्पन्नाची अट नाही.

भावाचा पगार २१ हजारांपर्यंत असता आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असता तर चित्र वेगळं होतं. मग मालकावर हा दावा चालतच नाही, ईएसआय महामंडळाकडून अवलंबितांना दरमहा लाभ मागायचा असतो. तिथे एक मोठी सोय आहे: घटना काम चालू असताना घडली एवढं दाखवलं की ती कामामुळेच घडली असं गृहीत धरतात, उलट पुरावा येईपर्यंत. १९२३ च्या कायद्यात अशी सोय असती तर शकुंतला श्रेष्ठी प्रकरणाचा निकाल कदाचित वेगळा दिसला असता.

आता अवघड भाग. दीर्घकाळचा मानसिक छळ, नैराश्य आणि मग आत्महत्या, अशा प्रकरणांत हा कायदा फारसा हात देत नाही. व्यवसायजन्य आजारांच्या तिसऱ्या अनुसूचीत मानसिक आजार नाही, आणि अनुसूचीबाहेरच्या आजाराला भरपाई हवी तर तो विशिष्ट अपघाती इजेतूनच थेट आलेला असावा लागतो. एखाद्या ठळक घटनेनंतर मन कोसळलं असं वैद्यकीय कागदांवर दिसत असेल तर प्रयत्न करता येतो. फौजदारी बाजूलाही उंबरठा उंच आहे. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या आत्महत्येनंतर वरिष्ठावर दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. जास्त काम दिलं एवढ्यावरून प्रवृत्त करण्याचा हेतू दिसत नाही, असं म्हणून. तुमच्याही घरात कुणी सल्ला देईल की साहेबावर गुन्हाच टाका. राग समजतो, पण त्या वाटेने वहिनींच्या हाती पैसा येत नाही आणि तुमचे साक्षीदार मात्र कंपनीच्या बाजूला सरकतात. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा ताणात असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.)

जपानमध्ये सरकारी निकषच आहे: झटका येण्याआधीच्या एका महिन्यात १०० तास जादा काम, किंवा आधीच्या २ ते ६ महिन्यांत दरमहा सरासरी ८० तास, म्हणजे कामाशी घट्ट संबंध. मानसिक आजारातून झालेल्या आत्महत्येसाठीही तिथे वेगळे निकष आहेत. आपल्याकडे असा आकडा नाही, प्रत्येक घराला पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीतली २६ वर्षांची सनदी लेखापाल गेली तेव्हा यावर देशभर बोललं गेलं. पण ऑफिसात बसून काम करणारे कितीतरी लोक या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायदा कुणाला लागू होतो त्या कामांच्या, यादीत सरळ बसतच नाहीत, हे त्या चर्चेत फारसं कुणी सांगितलं नाही. आयटीत, बँकेत, ऑडिटमध्ये असणाऱ्यांच्या घरच्यांनी आधी कंपनीच्या गटविम्याचे कागद मागावेत.

आणि दावा चालेल तेव्हा चालेल, तोवर ज्या रकमांसाठी मृत्यूचं कारण कुणी विचारत नाही त्या आधी घ्या. भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक, त्याला जोडलेला ईडीएलआय विमा (किमान अडीच लाख, कमाल ७ लाख, नोकरी किती काळ सलग होती आणि पगार यांवर अवलंबून), ईपीएस ९५ चं विधवा आणि मुलांचं निवृत्तिवेतन. ग्रॅच्युइटीला मृत्यूच्या बाबतीत ५ वर्षांची अट नाही, हे एचआरवाले बरेचदा "विसरतात". विम्यासाठी फॉर्म ५ आयएफ आणि निवृत्तिवेतनासाठी १० डी भरून द्या. मालकाने सही अडवली तर तसं लिहून पीएफ कार्यालयात द्या. अर्जावर मृत्यूचं कारण लिहायची जागा आली तर पोस्टमॉर्टेममधले शब्द जसेच्या तसे उतरवा. तिथे "नैसर्गिक" असं कुणाच्या सांगण्यावरून लिहू नका, तोच कागद उद्या कंपनीचा वकील उलटतपासणीत वहिनींच्या पुढे धरेल.